स्लोव्हेनियातला प्रतिकार मॉस्कोच्या हुकमाने सुरू झाला का?

समाजमाध्यमांवर एक दावा फिरतोय : "स्लोव्हेनियात सगळं शांत होतं. हिटलरने रशियावर हल्ला केला, मॉस्कोचा हुकूम आला आणि मग कम्युनिस्टांनी बंदुका उचलल्या. लढले ते जंगलातले मूठभरच." तीनही विधानं तपासून बघू.

"सगळं शांत होतं." पहिल्या महायुद्धानंतर प्रिमोर्स्का हा पश्चिमेकडचा पट्टा इटलीकडे गेला. १३ जुलै १९२० रोजी फासिस्टांनी त्रिएस्ते शहरातलं स्लोव्हेन लोकांचं सांस्कृतिक केंद्र 'नारोद्नी दोम' जाळलं. पुढे स्लोव्हेन शाळा बंद झाल्या, आडनावंसुद्धा इटालियन करून टाकली. त्याविरुद्ध १९२७ मध्ये 'टिगर' ही गुप्त संघटना उभी राहिली. ती राष्ट्रवादी होती, कम्युनिस्ट नव्हती. ६ सप्टेंबर १९३० रोजी त्रिएस्तेजवळच्या बाझोवित्साच्या माळावर चौघांना गोळ्या घातल्या गेल्या, ते याच लढ्यातले. एप्रिल १९४१ मध्ये इटली आणि जर्मनीने स्लोव्हेनियाचा ताबा घेतला. १३ मे १९४१ रोजी माला गोरा डोंगरावर टिगरच्या तिघांची इटालियन शिपायांशी चकमक झाली आणि दानिलो झेलेन यांचा तिथेच अंत झाला. रशियावरचा हल्ला त्यानंतर ४० दिवसांनी, २२ जूनला झाला.

"मॉस्कोचा हुकूम." यात अर्धं सत्य आहे, ते मान्य करायलाच हवं. सशस्त्र लढ्याची हाक कम्युनिस्ट पक्षाने २२ जूनलाच दिली, आणि मार्च १९४३ च्या डोलोमिती जाहीरनाम्याने प्रतिकारासाठी एकत्र आलेल्या आघाडीतल्या इतर गटांचं स्वतंत्र अस्तित्व संपवलं. पण ती आघाडी, नंतरची 'मुक्ती आघाडी', आधीच एप्रिल १९४१ च्या अखेरीस ल्युब्ल्याना या मुख्य शहरात समीक्षक योसिप विदमार यांच्या घरी स्थापन झाली होती. कम्युनिस्टांबरोबर तिच्यात ख्रिस्ती समाजवादी, सोकोल या व्यायाम संघटनेतला डावा गट आणि लेखक-कलावंत होते. हे सगळे हुकमाचे ताबेदार होते असं म्हणणं त्यांच्यावर अन्याय करणारं आहे.

"जंगलातले मूठभर." मग इटालियन सैन्याने फेब्रुवारी १९४२ मध्ये अख्ख्या ल्युब्ल्यानाभोवती काटेरी तार का ठोकली? शहरातच आघाडीचं जाळं होतं म्हणून. नोव्हेंबर १९४१ पासून 'क्रिचाच' हे चोरटं रेडिओ केंद्र तिथूनच बोलत होतं. प्रक्षेपक एकाच घरात ठेवला तर लहरींच्या दिशेवरून माग काढता येतो, म्हणून त्याची जागा सतत बदलत राहायची.

जंगलातसुद्धा नुसत्या बंदुका नव्हत्या. चेर्क्नो गावाजवळच्या पासित्सा घळीत डिसेंबर १९४३ मध्ये डॉ. विक्टोर वोल्चाक यांनी रुग्णालय उभारलं. पुढच्या महिन्यापासून ते डॉ. फ्रान्या बोयत्स बिदोवेत्स यांनी चालवलं आणि त्यांच्याच नावाने ते ओळखलं जातं. लाकडी झोपड्या, शस्त्रक्रियेची खोली, क्ष-किरण यंत्र, स्वतःची वीज, सगळं होतं. जखमींना रात्री डोळ्यांवर पट्टी बांधून आणायचे, म्हणजे पकडले गेले तरी वाट सांगता येऊ नये. उचलून नेणारे ओढ्याच्या पाण्यातून चालायचे, कारण बर्फात उमटलेल्या एका पावलानेही शत्रूला थेट दारात आणून सोडलं असतं. पुढे उचलून घेता येणारे पूल होते. छपरांवर झाडं लावली होती, वरून विमानाला काही दिसू नये म्हणून. अन्न जवळच्या शेतकऱ्यांकडून यायचं. एकाने तोंड उघडलं असतं तर सगळे मेले असते. मे १९४५ पर्यंत तिथे ५०० हून अधिक गंभीर जखमींवर उपचार झाले, आणि जर्मनांना त्या घळीत कधीच शिरता आलं नाही.