‘मनात आणलं की सुटतं’ या फॉरवर्डला उत्तर

व्यसनाबद्दलचा एक मेसेज ग्रुपांवर फिरतोय. त्याचं सार असं: व्यसन ही निव्वळ सवय, मनात आणलं तर एका दिवसात सुटते. नाहीच सुटली तर महिनाभर व्यसनमुक्ती केंद्रात ठेवा, शरीर साफ होतं. गोळ्या नकोत, एक व्यसन जाऊन दुसरं लागतं. ऐकत नसेल तर जेवणातून गुपचूप औषध द्या. एवढं करूनही पुन्हा प्यायला, तर तो माणूस कामातून गेला. लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसावा. पण यातले काही सल्ले जिवावर बेतणारे आहेत.

आधी ‘एका दिवसात’. सिगारेट खुशाल एका दिवसात सोडा, चिडचिड होईल, जीव जाणार नाही. दारूचं तसं नाही. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम थांबवलं की काही तासांत हात थरथरू लागतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या सुमारास काहींना भ्रम होतो: माणूस चादरीवरचे नसलेले किडे वेचत बसतो, घरच्यांना ओळखत नाही. हा डेलिरियम ट्रेमेन्स. वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर यात माणसं दगावतात. म्हणून डॉक्टर काही दिवस डायझेपामसारखं शांत करणारं औषध देऊन ते हळूहळू कमी करतात, सोबत थायमिन (ब-1 जीवनसत्त्व) देतात. ‘हिंमत असेल तर आजच सोड’ असं घरच्यांनी परस्पर म्हणू नये.

‘मनात आणलं की झालं’ या मुद्द्याला मात्र मेसेज लिहिणाऱ्याला ठाऊक नसलेला भक्कम पुरावा आहे. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेच्या जवळपास 20 टक्के सैनिकांनी आपल्याला हेरॉइन-अफूचं व्यसन लागल्याचं सांगितलं होतं. ली रॉबिन्स या संशोधिकेनं 1970च्या दशकात परतलेल्या सैनिकांचा माग काढला. तिकडे व्यसनी झालेल्यांपैकी पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात सापडले ते अवघे 5 टक्के. मग हा सगळा मनोनिग्रहच का? तर नाही. युद्धभूमी सुटली, पुरवठा सुटला, सोबत ओढणारे सुटले. जो माणूस केंद्रातून त्याच खोलीत, त्याच मित्रांत आणि त्याच बेकारीत परततो, त्याच्याभोवतीचं काहीच बदललेलं नसतं. इच्छा लागतेच, पण तलफ उठते त्या पंधरा-वीस मिनिटांत ती एकटी पुरत नाही. तेव्हा कुणाला फोन करायचा, कुठे जायचं, खिशात पैसे किती ठेवायचे, हे आधी ठरलेलं असावं लागतं.

‘महिनाभर ठेवा.’ डिटॉक्स, म्हणजे शरीरातून नशा उतरवणं, ही फक्त सुरुवात आहे. हेरॉइनसारख्या अफूजन्य पदार्थांच्या बाबतीत तर तिथेच थांबणं धोक्याचं: महिनाभरात शरीराची सहनशक्ती घटते आणि बाहेर पडल्यावर जुनाच डोस घेतला की श्वास थांबतो. सुटकेनंतरचे पहिले आठवडे म्हणूनच सर्वांत जास्त जोखमीचे.

‘गोळ्या म्हणजे दुसरं व्यसन.’ हेरॉइनच्या व्यसनावर मेथाडोन या औषधाचा उपचार 1965पासून नोंदलेला आहे. 2005 साली जागतिक आरोग्य संघटनेनं मेथाडोन आणि त्याच कामाचं ब्युप्रेनॉर्फिन अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. शरीराला या औषधांची सवय होते, खरं आहे. पण ठरलेला डोस घेऊन माणूस कामावर जातो, मुलांना शाळेत सोडतो, आणि मृत्यूचा धोका स्पष्टपणे घटतो. दारूच्या व्यसनावर देतात त्या नाल्ट्रेक्सोन या औषधाची स्वतःची तर नशाच येत नाही.

जेवणातून द्यायचं औषध बहुधा डायसल्फिराम असतं. ते पोटात असताना दारू घेतली की चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हृदय कमजोर असेल तर खेळ खलास. हे औषध रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनंच द्यायचं असतं. आणि हा प्रकार उघडकीला आला की तो घरचं अन्न आणि घरची माणसं, दोन्हींवरचा विश्वास सोडतो, ते वेगळंच.

राहिला ‘पुन्हा प्यायला म्हणजे संपला’. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही दारू सोडणाऱ्यांची परस्पर-मदत संघटना आपला स्थापना दिन 10 जून 1935 मानते. सहसंस्थापक डॉ. बॉब स्मिथ यांनी शेवटचा घोट घेतला, तो हा दिवस. दुसरे सहसंस्थापक बिल विल्सन यांची भेट होऊन त्यांनी दारू सोडली होती, मग एका वैद्यकीय परिषदेला गेले आणि पिऊन परतले. हा दिवस त्या घसरणीनंतरचा आहे! 2000 साली मॅकलेलन या संशोधकानं आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की उपचारानंतर वर्षभरात 40 ते 60 टक्के लोक पुन्हा नशेकडे वळतात. उच्च रक्तदाब किंवा दम्याचे रुग्णही अशाच प्रमाणात पुन्हा बिघडतात, आणि त्यांना कुणी कामातून गेलेला म्हणत नाही, औषध बदलतात.

तेव्हा स्लिप झाली, म्हणजे पुन्हा नशा केली, तर त्याच दिवशी समुपदेशकाला किंवा गटातल्या जुन्या सोबत्याला कळवा, पुढच्या महिन्याची अपॉइंटमेंट या आठवड्यात ओढा. भांडण करायचंच असेल तर नशा उतरल्यावर करा.