सातारची सैनिक स्कूल कोणाच्या पोरांसाठी काढली होती?

दहा वर्षांच्या पोराला सैनिक स्कूलच्या प्रवेश परीक्षेला बसवायचं म्हणून बापाला कर्ज काढून निवासी क्लासची फी भरावी लागत असेल, तर ती शाळा ज्यांच्यासाठी निघाली त्यांच्याच हातून निसटत चालली आहे. मी सातारच्या सैनिक स्कूलचा माजी कॅडेट आहे आणि ही गोष्ट मला फार लागते.

थोडा इतिहास सांगतो, कारण त्याशिवाय माझं म्हणणं कळणार नाही. मुलांच्या लष्करी निवासी शाळा आपल्याकडे इंग्रजांच्या काळापासून आहेत. डेहराडूनचं मिलिटरी कॉलेज १९२२ चं. पुढे लष्करप्रमुख झालेले जनरल थिमय्या तिथलेच. पण तिथे पोरगा पाठवणं खात्यापित्या, वजनदार घरांनाच जमायचं. जवानांच्या मुलांसाठी किंग जॉर्जच्या नावाच्या वेगळ्या शाळा होत्या. आपल्या बेळगावची १९४५ ची, त्याच मालिकेतली. ज्याच्या घरात ना अधिकारी ना जवान, त्या कुणब्याच्या पोराला यातलं काहीच नव्हतं.

स्वातंत्र्यानंतरही अधिकारी यायचे ते ठरावीक प्रांतांतून आणि ठरावीक थरांतून. हे मोडायचं म्हणून संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी सैनिक स्कूलची योजना आणली. १९६१ या एकाच वर्षात पाच शाळा उघडल्या: सातारा, कुंजपुरा, कपूरथळा, बालाचडी आणि चितोडगड. त्यात सातारा पहिली, २३ जूनची. तेव्हा राज्याचे मुख्यमंत्री होते यशवंतराव चव्हाण.

आणि सातारा जिल्ह्याचा हक्कच होता तो. अपशिंगे मिलिटरी हे गाव घ्या. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जवान कामी आले. घरटी एक तरी माणूस फौजेत, ही तिथली रीत. शिपाई द्यायला हा मुलूख कधी कमी पडला नाही. त्याच घरातल्या पोराच्या खांद्यावर अधिकाऱ्याचे स्टार यावेत, यासाठी सदर बाजारातली ही शाळा.

आत काय घडतं, ते बाहेरून कळत नाही. लोकांना परेड दिसते, बँड दिसतो. मला आठवते ती संध्याकाळची प्रेप, म्हणजे सगळ्यांनी एकत्र बसून करायचा अभ्यास. मराठी शाळेतून आलेली आम्ही पोरं इंग्रजी पुस्तकातली एकेक ओळ बोट ठेवून वाचायचो, आणि शेजारच्या डेस्कवरचा सीनियर स्वतःचा अभ्यास सोडून उच्चार सांगायचा. सुट्टीवरून परतताना ट्रंकेत लाडू कोणाचे आणि बिस्किटं कोणाची, हे तासाभरात पुसलं जायचं. अंगावर तोच युनिफॉर्म, मेसमध्ये तेच ताट, पहाटे पीटीला तीच शिट्टी. तहसीलदाराचा मुलगा आणि सालगड्याचा मुलगा एकाच डॉर्मिटरीत बूट पॉलिश करत बसायचे. अशी दुसरी जागा मी आयुष्यात पुन्हा पाहिली नाही.

हवाई दलप्रमुख झालेले प्रदीप नाईक इथलेच. कर्नल संतोष महाडिकही इथलेच, साताऱ्याजवळच्या पोगरवाडीचे. २०१५ मध्ये कुपवाड्यात ते हुतात्मा झाले. त्यांच्या मागे स्वाती महाडिक परीक्षा देऊन स्वतः लष्करात अधिकारी झाल्या. त्यांच्या लहानपणी या शाळेचं दार मुलींना बंद होतं. ते उघडलं २०२१ मध्ये, साठ वर्षांनी. आमच्यातले काही जुने कॅडेट यावर अजून नाराज आहेत. मी नाही. आधीच उघडायला हवं होतं.

पण मुलगा असो की मुलगी, दारापर्यंत पोचतंय कोण? सहावीच्या प्रवेशाचा पेपर ३०० गुणांचा, वेळ अडीच तास. त्यातले निम्मे, म्हणजे १५० गुण एकट्या गणिताचे. बाकी भाषा, बुद्धिमत्ता आणि सामान्य ज्ञान. हा पेपर मराठीतून देता येतो. नववीचा मात्र फक्त इंग्रजीतून. म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या पोराला खरी संधी एकदाच, सहावीच्या वेळी. आणि नेमक्या त्याच वाटेवर क्लासवाले बसलेत. चौथीतलं पोर आईपासून तोडून खोलीत कोंबायचं, दिवसभर गणितं घोटून घ्यायची आणि निकाल लागला की चौकात फ्लेक्स लावायचा. निवड न झालेल्या पोरांचं काय होतं, ते कोणी विचारत नाही. दहाव्या वर्षी ‘आपण नापास’ हे मनावर घेऊन ती घरी येतात. मला याचा संताप येतो.

वास्तविक या परीक्षेत विचारतात ते प्राथमिक शाळेचंच गणित. शिष्यवृत्ती आणि नवोदयची तयारी करून घेणारे गुरुजी-बाई आपल्या गावागावात आहेत. त्यांना हवेत जुने पेपर, उत्तरपत्रिकेतले गोल भरायचा सराव आणि फॉर्म वेळेत भरून देणारं कोणीतरी. फीचंही तसंच. आज ती वर्षाला लाखाच्या वर गेली आहे, आकडा ऐकूनच माणूस मागे फिरतो. उत्पन्नानुसार राज्य सरकारची शिष्यवृत्ती मिळते, हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

म्हणून माजी कॅडेटांना माझी विनंती आहे. गेट-टुगेदरला आपण जमतो, खर्च करतो, ते करूच. पण यंदा प्रत्येकाने आपल्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत जाऊन पाचवीच्या वर्गशिक्षकांना भेटा. परीक्षेची माहिती द्या, दोन-तीन पोरांचे फॉर्म स्वतः बसून भरा. सातारा, कोरेगाव, जावळी या तालुक्यांतल्या कोणा गुरुजींना शनिवारी गणिताला माणूस हवा असेल तर मला मेसेज करा. मी येतो, पैसे नकोत.