त्यातूनच एक काढ

संध्याकाळी सव्वासातला वृत्तसंपादकांचा फोन आला. "व्हिडिओ झकास झालाय रे. आता पहिल्या पानाला त्यातूनच एक काढ."

त्यातूनच एक काढ! एक म्हणजे एक फोटो. घरात 'दोरीवरचा टॉवेल काढ' म्हणतात ना, अगदी त्या सुरात. पण टॉवेल दोरीवर असतो, दिसतो आणि मुख्य म्हणजे एकच असतो. माझ्याकडे होतं 42 मिनिटांचं भाषण. सेकंदाला 25 फ्रेम, म्हणजे 25 स्थिर चित्रं, मिनिटाला 1500, एकूण 63,000 टॉवेल. त्यातला एक हवा होता, आणि पान साडेदहाला सुटणार होतं.

या हिशोबानंच आमचा घात केला. पूर्वी कार्यक्रमाला दोन माणसं जायची, एक फोटोला, एक व्हिडिओला. मग वरच्या मजल्यावर कुणीतरी कागद-पेन्सिल घेऊन बसलं. फोटोग्राफर तासाभरात शे-दोनशे फोटो काढतो, व्हिडिओ कॅमेरा तेवढे आठ सेकंदांत काढतो. मग दोन माणसं कशाला? पंधराशेत एक तरी बरा निघेलच की! हे गणित मला समजावून सांगितलं तेव्हा त्यात मलाही चूक सापडली नव्हती. गणितात नव्हतीच. चूक माणसांच्या तोंडात होती.

बोलणारा माणूस मधेच थांबवून बघितलाय कधी? आपण एरवी त्याला बघत नसतो, ऐकत असतो, म्हणून तो बरा दिसतो. आवाज बंद करा आणि एकेक फ्रेम पुढे सरकवा. त्या दिवशीचे प्रमुख पाहुणे 'विश्वास' हा शब्द फार वापरत होते. त्या एका शब्दाला पंधराएक फ्रेम लागतात. 'वि'ला खालचा ओठ वरच्या दातांखाली जातो आणि माणूस ससा होतो. 'श्वा'ला जबडा इतका उघडतो की दाढेतलं चांदीचं सिमेंट स्पष्ट दिसतं. 'स'ला दातखीळ. आणि शेवटी, शब्द संपल्यावर, ओठ मिटताना क्षणभर असं काही तोंड होतं की पाहुण्यांना आत्ताच कुणीतरी काढा पाजलाय. पंधरांतल्या एकाही फ्रेमवर विश्वास ठेवावासा वाटत नव्हता.

ओठांचं जमलं तर डोळे. माणूस मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापणी लववतो, आणि एकदा लववायला सेकंदाचा एक ते चार दशांश भाग जातो. म्हणजे दर वेळी तीन ते दहा फ्रेम गेल्या. तरी पंधराशेतल्या तेराशे-चौदाशे फ्रेममध्ये डोळे उघडे असायला हवेत, आणि असतातही. फक्त हात हवा तसा वर गेलाय, मागच्या रांगेतली बाई हसतेय, व्यासपीठावरचा पेंगणारा माणूस नेमका जागा आहे, असं सगळं जुळून येतं ते उरलेल्या शंभरांतच येतं. पुढच्या फ्रेमला डोळे उघडतात, तोवर हात खाली आणि मागचा माणूस पुन्हा झोपलेला.

मी ज्या प्लेअरवर हे काम करतो त्यात एक फ्रेम पुढे जायला एक बटण आहे. एक फ्रेम मागे यायला बटण नाही. बनवणाऱ्यांना वाटलं असेल, मागे कशाला कोण जाईल? त्यामुळे 'हीच ती!' असं मनात म्हणेपर्यंत बोट सवयीनं एकदा जास्त पडलं, की दहा सेकंद मागे उडी मारायची आणि तिथून पुन्हा टिक, टिक, टिक. 25 गुणिले 10, म्हणजे 250 वेळा. माझ्या कीबोर्डवर त्या एका बटणाचं अक्षर पुसून गेलंय. बाकीची सगळी नवीकोरी आहेत.

बरं, तोंड जमलं, डोळे जमले, तरी हात उरतोच. व्हिडिओचा दंडक असा, की सेकंदाला 25 फ्रेम असतील तर शटर, म्हणजे कॅमेऱ्याची झडप, दर फ्रेमला 1/50 सेकंद उघडी ठेवावी. म्हणजे पडद्यावर हालचाल सलग, नैसर्गिक वाटते. ती नैसर्गिक वाटते कारण प्रत्येक फ्रेम थोडी पुसट असते. चालत्या व्हिडिओत ही पुसटाई डोळ्यांना सुखावते. थांबवल्यावर पाहुण्यांच्या मनगटापुढे हात नसतो, वाफ असते. फीत कापतानाची फ्रेम काढली तर कात्री कुणाची आणि बोटं कुणाची हे सांगायला पंच बोलवावे लागतील. एकदा फुटबॉलच्या सामन्यात पेनल्टी किकची फ्रेम मागितली होती. ताशी 100 किलोमीटरनं निघालेला चेंडू 1/50 सेकंदात 55 सेंटिमीटर पुढे जातो. चेंडूचा व्यास 22. त्यामुळे गोलकीपर एका पांढऱ्या लोडाकडे झेपावताना दिसत होता. त्याच्या आधीच्या फ्रेममध्ये लोड मीटरभर मागे, पुढच्या फ्रेममध्ये मीटरभर पुढे, म्हणजे जाळ्यात. चेंडू बोटांना चाटून गेला तो क्षण दोन फ्रेमच्या मधल्या फटीत पडला होता आणि तिथे बटण पोचत नाही.

मग शटरचा वेग वाढव ना, असं तुम्ही म्हणाल. वाढवलं. 1/500 ठेवून एक अख्खी मिरवणूक घेतली. फ्रेम कशा, कोरून काढल्यासारख्या! ऑफिसात आलो तर व्हिडिओ डेस्कवरचा पोरगा डोकं धरून बसलेला. "काका, लोकं चावी दिलेल्या खेळण्यांसारखी चालतायत हो." तेव्हापासून व्हिडिओ डेस्कला मान दिला की पान एक रुसतं, पान एकला मान दिला की व्हिडिओ डेस्क. मी 1/100 वर मधला मार्ग काढला, तर दोघेही रुसले.

या दुखण्याचं मूळ 2008 सालात आहे. त्या वर्षी निकॉनचा डी90 आला, फोटोच्या कॅमेऱ्यात व्हिडिओ घेणारा. पाठोपाठ कॅननचा 5डी मार्क 2, तो तर फुल एचडी. एकाच डब्यात दोन्ही! आम्ही वेड्यासारखे नाचलो होतो. डबा एक झाला की डबा धरणारेही एकच होणार, हे नाचताना कुणाच्या लक्षात आलं नाही.

आमच्या ऑफिसात त्याआधी टेपवरचा एचडी कॅमेरा होता. त्याचे प्रकार निराळेच. तो अर्ध्या ओळी आत्ता आणि अर्ध्या ओळी सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर अशा टिपायचा, म्हणजे 540 विषम ओळी आधी, 540 सम ओळी मागून. माणूस स्थिर असेल तर दोन्ही छान जुळायच्या. हलला की कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा. एका सभेत अध्यक्षांनी मान वळवली आणि फ्रेममध्ये त्यांच्या तुळतुळीत टकलाच्या दोन्ही कडांना कंगवा फिरला. उपसंपादक म्हणाला, "छापू या, त्यांना बरं वाटेल."

त्याच कॅमेऱ्याची दुसरी खोड अशी, की तो आडवे 1440 ठिपकेच साठवायचा आणि दाखवताना ताणून 1920 करायचा. फ्रेम काढणाऱ्या सॉफ्टवेअरला हे ताणायचं सांगायला विसरलो की सगळी सभा पाऊण पट रुंदीची. तसा एक फोटो खरंच छापून गेला. मी दोन दिवस फोन उचलत नव्हतो. तिसऱ्या दिवशी फोटोतल्या एका गृहस्थांनी ऑफिसात येऊन त्याची मोठी प्रिंट मागितली.

आताच्या कॅमेऱ्यात कंगवा नाही, तर फ्लॅश आहे. माझा नव्हे, शेजारच्यांचा. याचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चिप, चित्र वरून खाली ओळीओळीनं वाचतो आणि फ्लॅश सेकंदाच्या हजाराव्या भागात उडून विझतो. त्यामुळे तो जितक्या ओळींना सापडतो तितक्याच पांढऱ्या होतात. पाहुण्यांचं कपाळ लख्ख उन्हात, हनुवटी रात्रीत. आणि फ्लॅश उडतात कधी? चांगला क्षण येतो तेव्हाच! वीस फोटोग्राफरांना जो क्षण एकदम आवडला, तोच माझ्याकडे नेमका अर्धा जळालेला. 63,000 फ्रेममध्ये उत्तम कुठली हे शोधायची एक सोपी युक्ती मला त्यातूनच सापडली आहे. अर्धी पांढरी दिसली की समजायचं, हीच होती.

शेजारच्यांना ओरडताही येतं. "सर, इकडे! सर, जरा हसा!" माझा माइक चालू असतो, मला तोंड मिटून उभं राहावं लागतं. एकदा राहवलं नाही. दुसऱ्या दिवशी गंभीर विषयावरच्या त्या बातमीत, अगदी मोक्याच्या वाक्यावर, माझा आवाज सगळ्यांनी ऐकला: "साहेब, हनुवटी वर!"

साठवण्याची गंमत वेगळीच. कॅमेरा प्रत्येक फ्रेम पूर्ण लिहून ठेवत नाही. एखादीच पूर्ण लिहितो आणि पुढच्या कित्येक फ्रेमना आळशी विद्यार्थ्यासारखं 'वरीलप्रमाणे, फक्त हात हलला' एवढंच नोंदवतो. मला हवी असलेली फ्रेम आजवर एकदाही पूर्ण लिहिलेल्यांत सापडलेली नाही. ती कायम 'वरीलप्रमाणे'त असते.

पावणेनऊला मी कुरकुर केली तेव्हा वृत्तसंपादकांनी इतिहास काढला. 1963 साली डॅलसमध्ये केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या, ते एब्राहम झप्रूडर यांनी घरगुती 8 मिलिमीटर कॅमेऱ्यानं टिपलं. साधारण 26 सेकंद, 486 फ्रेम. 'लाइफ' मासिकानं त्यातल्या फ्रेम आठवड्याभरात छापल्या. "ते बघ! आणि तू एचडी घेऊन रडतोस?" आता त्या फ्रेम जगानं श्वास रोखून बघितल्या, कारण त्यांत एक राष्ट्राध्यक्ष मरत होता. माझ्या फ्रेममध्ये प्रमुख पाहुणे पाणी पीत होते. मग त्यांनी 2009 च्या जूनमधलं 'एस्क्वायर' मासिकाचं मुखपृष्ठ काढलं, तेही व्हिडिओतूनच घेतलेलं. होय, पण तो रेड वन हा सिनेमाचा कॅमेरा होता, त्याची फ्रेम माझ्या फ्रेमच्या चौपटीहून मोठी. आणि समोर अभिनेत्री होती. तिला थांब म्हटलं की थांबत असेल. आमच्या पाहुण्यांना आयोजकांनी तीन चिठ्ठ्या पाठवल्या, ते थांबले नाहीत.

फ्रेमच्या आकाराचंच खरं दुखणं. फुल एचडी म्हणजे 1920 बाय 1080, सगळे मिळून 20,73,600 ठिपके. दोन मेगापिक्सेल. माझ्या खांद्यावर लटकणारा तोच कॅमेरा फोटो म्हणून क्लिक केला तर 24 देतो. वर्तमानपत्राचा कागद दयाळू असतो, त्याला इंचाला 200 ठिपके पुरतात, म्हणजे साडेनऊ इंच रुंद फोटो सुखरूप जातो. पण आडवा. पान लावणाऱ्याला कधी आडवी जागा उरलेली मी पाहिलेली नाही.

"दादा, उभा नाही का?"

"व्हिडिओ आडवाच असतो रे."

"मग कापून उभा द्या."

कापून उभा म्हणजे 720 बाय 1080. पाऊण मेगापिक्सेलच्या आसपास काहीतरी. दिला.

"दादा, यात माइकच जास्त आलाय. नुसता चेहरा घेऊ का, चार कॉलम?"

"घे."

मिनिटभर शांतता. मग, "दादा, फाटतोय."

फाटणारच! शर्टाच्या बटणावर सदरा शिवायला सांगितल्यावर काय होणार? मग त्यानं मला न विचारता फोटो मोठा करणाऱ्या कुठल्याशा हुशार सॉफ्टवेअरला दिला. चित्र आलं ते अप्रतिम होतं. पाहुण्यांना एकसारखे पांढरेशुभ्र दात आले होते, दाढेतलं सिमेंट गेलं होतं, पापण्यांना केस फुटले होते. मागच्या रांगेतल्या धूसर बाईंच्या जागी दुसऱ्याच कोणी बाई बसल्या होत्या, कार्यक्रमाला न आलेल्या. तो फोटो मी हट्टानं पानावरून काढायला लावला. बातमीच्या फोटोत दात बसवून देणं हे आपलं काम नाही, त्याचे दवाखाने वेगळे असतात.

फोटोओळीवरून अजून थोडं झालं. असोसिएटेड प्रेससारखी वृत्तसंस्था अशा फोटोखाली 'व्हिडिओतून घेतलेल्या या चित्रात' असं सरळ लिहिते. मीही लिहिलं. उपसंपादक म्हणाला, एवढ्यात माझी अर्धी ओळ जाते. मी म्हटलं, पाहुण्यांच्या पदव्या कमी कर. यावर तो गप्प बसला, कारण पदव्या पाहुण्यांच्या माणसानं फोन करून सांगितल्या होत्या. शिवाय व्हिडिओतून काढलेल्या चित्राला स्वतःची जन्मवेळ नसते, काढली तीच वेळ लागते. सकाळी अकराच्या कार्यक्रमाची फाइल रात्री 9:52 ची. संग्रह सांभाळणाऱ्या ताईंनी दुसऱ्या दिवशी विचारलंच, "रात्रीचं ऊन कसं हो आलं खिडकीतून?"

तर 9:52 ला ती सापडली. 31 व्या मिनिटात. दोन्ही डोळे उघडे. तोंड मिटलेलं, आणि तरी पाहुणे काहीतरी बोलणार आहेत असं वाटणारं. हात छातीपाशी, जवळपास स्थिर, कारण त्यांना पुढचं वाक्य आठवत नव्हतं. मागची बाई हसत होती, पेंगणारा जागा होता, फ्लॅश कुणाचाही नव्हता. मी बटणावरून बोट असं उचललं, जसं झोपलेल्या बाळावरून हात काढतात. फ्रेम सेव्ह केली, पाठवली आणि पाय पसरले.

दहा वाजून बारा मिनिटं झाली होती. फोन वाजला.

"छान आहे रे! अगदी असाच हवा होता. फक्त याच्या आधीचा एक पाठव ना. त्यात हात जरासा वर असेल."

"सर, आधीचा?"

"हो, याच्या अगदी एकच आधीचा. काय, एक बटण तर मागे जायचंय."

मी दहा सेकंद मागे उडी मारली आणि मोजायला लागलो.