लॉबस्टर, दोर आणि स्नो कोन

स्नो कोन नावाच्या व्हेलबद्दल वाचल्यापासून लॉबस्टरचे बटरमध्ये न्हालेले फोटो दिसले की डोकं फिरतंय, म्हणून लिहितोय. लॉबस्टर म्हणजे आपल्या शेवंडीचा नांग्यावाला भाऊ. आणि स्नो कोन ही नॉर्थ अटलांटिक राइट व्हेल जातीची मादी, सगळ्या जगात मिळून चारशेसुद्धा उरलेले नाहीत हे देवमासे (मासा नाही, सस्तन प्राणी, माहितेय, कमेंटमध्ये येऊ नका).

२०२० मध्ये हिचं पिल्लू न्यू जर्सीजवळ बोटींच्या धडकेत गेलं. मार्च २०२१ ला ही तोंडात दोर अडकलेली दिसली, बचाववाल्यांनी जमला तेवढा कापला, बाकीचा तसाच राहिला. आणि त्याच डिसेंबरात तो दोर ओढत ओढत बाई अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या किनाऱ्याजवळ नवीन पिल्लू घेऊन हजर! पुढच्या सप्टेंबरला अमेरिकेच्या नॅन्टकेट बेटाच्या दक्षिणेला दिसली तेव्हा पिल्लू सोबत नव्हतं, अंगावर आणखी नवे दोर, कातडीवर उवाच उवा. त्यानंतर दिसलीच नाही.

होतं काय, लॉबस्टर पकडायचा सापळा तळाशी आणि त्याचा दोर सरळ वर पाण्यावर तरंगणाऱ्या बोयापर्यंत उभा, असे लाखो दोर. हा प्राणी खाताना तोंड उघडं ठेवूनच पोहतो, दोर थेट जबड्यात जातो, मग घाबरून गिरक्या मारतो आणि अजून गुंडाळला जातो. पटकन मरतही नाही, महिनोन् महिने दोर मांसात रुतत जातो. या जातीतल्या ८५ टक्क्यांहून जास्त जणांच्या अंगावर कधी ना कधी अडकल्याचे वळ आहेत.

पण लगेच 'मच्छीमार क्रूर' म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. कॅनडातला जो हाउलेट स्वतः लॉबस्टर पकडणारा, अडकलेले व्हेल सोडवायचा, १० जुलै २०१७ ला एका राइट व्हेलचा दोर कापला आणि सुटता सुटता त्याच व्हेलच्या तडाख्यात गेला. राग काढायचाच तर अमेरिकी काँग्रेसवर काढा, डिसेंबर २०२२ मध्ये बजेटच्या बिलात कलम घुसवून लॉबस्टरवाल्यांसाठीचे व्हेल वाचवायचे नवे नियम २०२८ संपेपर्यंत ढकलले. बिनदोराचे सापळे आहेत की, बोटीवरून सिग्नल दिला की बोया तळातून सुटून वर येतो, पण एकेका सेटला हजारो डॉलर, ते एकट्या बोटवाल्याने कुठून आणायचे?

आपल्याकडे २०१८ पासून संरक्षित प्राणी सोडवायला जाळं कापलं तर राज्य सरकार मच्छीमाराला २५ हजारांपर्यंत भरपाई देतं. तेवढ्यात नवीन जाळं येतं का हा वेगळा वाद, पण नुकसान एकट्या नाखव्याच्या गळ्यात मारायचं नाही हे तरी त्यात आहे. तिकडे लॉबस्टरच्या प्लेटमागे एखाद डॉलर जास्त लावा आणि त्यातून बिनदोराचे सापळे घेऊन द्या ना, एवढी महागडी प्लेट मागवणाऱ्याला तो डॉलर जड होणारे का?