केळं सोडण्याआधी तेलाची पळी मोजा

'वजन कमी करायचं तर ही पाच फळं आजच बंद करा' हा मेसेज बचत गटाच्या, भजनी मंडळाच्या, अंगणवाडीच्या ग्रुपवरून फिरत फिरत आता घरात शिरला आहे. मावशीने केळं सोडलं. मग चार वाजता भूक लागते म्हणून चहासोबत बिस्किटाचा पुडा फोडायला लागली. ५० ग्रॅमच्या पुड्यात सव्वादोनशेच्या आसपास कॅलरी असतात, सोडलेल्या केळ्यात होत्या शंभर. म्हणजे वजन उतरवायला निघालेल्या बाईच्या पोटात रोज सव्वाशे कॅलरी जास्त जायला लागल्या.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. केळं, आंबा, चिकू, सीताफळ आणि द्राक्षं ही चरबीची फळं आहेत. एक केळं म्हणजे तीन भाकरी. फळातली साखर थेट लिव्हरमध्ये जाऊन चरबी होते. संत्रं घ्यायचंच तर रस काढून घ्या. दिवस मावळल्यावर फळ म्हणजे विष. उपासाला केळ्याऐवजी शेंगदाण्याचा लाडू खा. आणि सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्यात मोठा चमचा मध घ्या. कुठे वजन नाही, माप नाही, सांगणाऱ्याचं नाव नाही. खाली फक्त 'दहा जणांना पाठवा'.

भाकरीपासूनच सुरू करू, कारण लोकांच्या डोक्यात तेच वाक्य बसलंय. बाजारात मिळणारं मध्यम केळं सालीसकट दीडशे-पावणेदोनशे ग्रॅम भरतं. त्यातला तिसरा हिस्सा साल. आत उरतो शंभर ते एकशेवीस ग्रॅम गर, आणि केळ्याच्या १०० ग्रॅम गरात सुमारे ९० कॅलरी असतात. म्हणजे एक केळं शंभरच्या आगेमागे. आपल्याकडच्या ज्वारीच्या एका भाकरीला साठ-सत्तर ग्रॅम पीठ लागतं, त्या दोनशे ते अडीचशे कॅलरी झाल्या. एक केळं म्हणजे अर्धी भाकर. मेसेजवाल्याने सहापट फुगवून सांगितलंय. कुणाला खोटं वाटत असेल तर किराणा दुकानातल्या काट्यावर केळं सोलून ठेवा आणि बघा.

आता त्याच मेसेजमधला मध घ्या. मोठा चमचा भरून मध म्हणजे वीस-एकवीस ग्रॅम, साठ-पासष्ट कॅलरी, त्यातली जवळजवळ सगळी साखर. सकाळ-संध्याकाळ मिळून सव्वाशे. केळ्यापेक्षा जास्त! केळ्यात निदान तीनेक ग्रॅम चोथा असतो, पोटॅशियम असतं, चावावं लागतं, पोटाला आधार होतो. मधाच्या पाण्यात यातलं काहीच नाही, ते घोटभरात संपतं. एकाच मेसेजमध्ये शंभर कॅलरींचं फळ विष आणि सव्वाशे कॅलरींची साखर औषध, हे लिहिताना लिहिणाऱ्याला खटकलं नाही आणि पुढे पाठवणाऱ्यांनाही खटकलं नाही, याचा खरा राग येतो.

आणि तो उपासाचा सल्ला तर नुकसानीचाच. शेंगदाण्याचा लाडू साधारण चाळीस ग्रॅमचा धरा. पंचवीस ग्रॅम दाणे आणि पंधरा ग्रॅम गूळ म्हणजे दोनशे कॅलरी. कोणी एकावर थांबत नाही, म्हणून चारशे धरा. शेंगदाणा वाईट नाही, त्यात प्रथिनं आहेत, पण वजन उतरवण्यासाठी केळ्याच्या जागी लाडू बसवायचा हा हिशोब कुठल्या गणितात बसतो? एकादशीला ताटात येणाऱ्या साबुदाण्याच्या खिचडीचं बघा. एका जणाला पाऊण वाटीच्या आसपास, म्हणजे ७५ ग्रॅम कोरडा साबुदाणा धरला तर अडीचशेच्या वर. त्यात तीस ग्रॅम दाण्याचा कूट, पावणेदोनशे. वर मोठा चमचाभर तूप किंवा तेल, एकशेवीस-तीस. साडेपाचशेच्या वर प्लेट गेली, बटाटा आणि दही अजून धरलेलंच नाही. संध्याकाळी केळ्याचे वेफर्स आले की १०० ग्रॅमला पाचशेच्या पुढे. त्याच १०० ग्रॅम कच्च्या-पिक्या केळ्यात शंभरही नव्हत्या. बाकीच्या पाणी उडाल्याने आणि कढईतल्या तेलाने आल्या. उपासाच्या दिवशी वजन वाढतं असं बायका सांगतात, ते खरंच आहे. पण तिथे दोन केळी आणि एक ग्लास ताक घेणारीचं वाढत नाही.

ह्याच कढईकडे मेसेजने पूर्ण डोळेझाक केली आहे. मोठा चमचा म्हणजे चौदा ग्रॅम तेल, त्याच्या एकशेपंचवीस कॅलरी. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच किलोचा डबा संपत असेल तर माणशी रोज चाळीस-बेचाळीस ग्रॅम तेल पोटात जातं, पावणेचारशे कॅलरी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली काढलेल्या आहार मार्गदर्शनात दिवसाच्या दोन हजार कॅलरींच्या ताटात तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरलंय आणि फळं १०० ग्रॅम. म्हणजे फळ ताटात आहे, रोजचं आहे. त्यात 'वजन जास्त असेल तर काढून टाका' असं कुठे म्हटलेलं नाही. चुनाला (पिठल्याला) फोडणी, तर्रीवर तरंगणारा तवंग, वर आलूबोंडा, हे सगळं चालतं आणि केळं तेवढं गुन्हेगार? दोन आलूबोंडे तीनशे-साडेतीनशेच्या घरात जातात. डबा कधी उघडला त्याची तारीख झाकणावर लिहून ठेवा आणि किती दिवसांत संपला ते मोजा. फळांची यादी करण्यापेक्षा हे एक काम जास्त वजन उतरवेल.

लिव्हरवाल्या मुद्द्यात अर्धं खरं आहे, ते मान्य करायला हवं. फळातल्या साखरेचा एक भाग फ्रुक्टोज असतो, ते बहुतेक यकृतातच वापरलं जातं, आणि फार प्रमाणात गेलं तर तिथे चरबी वाढू शकते. पण असं प्रमाण थंड पेयं आणि साखरपाण्यातून जातं. ३०० मिलीच्या थंड पेयात तीस ग्रॅमच्या आसपास साखर असते आणि ती दोन मिनिटांत घशाखाली उतरते. १०० ग्रॅम केळ्यात बारा ग्रॅम साखर, त्यातलं फ्रुक्टोज पाच ग्रॅमच्या आसपास, आणि ती चोथ्यात अडकलेली असते. लग्नात पेयाच्या बाटलीवर बाटली उघडायची आणि घरी येऊन केळ्याला घाबरायचं, हे उलटं चाललंय.

आंब्याचंही तसंच. १०० ग्रॅम आंब्यात साठ कॅलरी. मग आंब्याच्या दिवसांत वजन का वाढतं? अक्षय तृतीयेचं एक ताट मांडून बघू. दोन वाट्या रस म्हणजे ३०० ग्रॅम, आंब्याच्या एकशेऐंशी. त्यात तीन छोटे चमचे साखर, साठ. वाटीत एक-एक चमचा तूप, नव्वद. चार पोळ्या, तेल लावलेल्या, पावणेपाचशे. तळलेल्या कुरडया आणि दोन भजी, दीडशे तरी. साडेनऊशेच्या घरात ताट गेलं आणि आंब्याचा वाटा पाचवा हिस्सासुद्धा नाही. रस करायचाच तर साखर टाकू नका, वाटी एक घ्या आणि पोळ्या दोनच वाढून घ्या. नाहीतर आंबा कापून फोडी खा, तिथे साखर घालायला जागाच नसते आणि कोयीला चोखायला वेळ लागतो.

संत्र्याचा रस काढा, हा सल्ला वरूड-मोर्शी, काटोल-नरखेडच्या संत्र्यांच्या मुलखात दिला जातो, हे जास्तच लागतं. एका ग्लासाला तीन-चार संत्री पिळावी लागतात. फोडींचा चोथा गाळणीत राहतो, तोच तर पोट भरणारा होता. बसल्या बैठकीला चार संत्री सोलून खाणारा माणूस विरळा, चार संत्र्यांचा रस मात्र कुणीही पितो. अमेरिकेत २००९ साली एक साधा प्रयोग झाला. त्याच माणसांना वेगवेगळ्या दिवशी जेवणाआधी सारख्याच कॅलरींचं अख्खं सफरचंद, त्याचा गर किंवा रस दिला. काहीच न घेतलेल्या दिवसाच्या तुलनेत, सफरचंद खाल्लेल्या दिवशी सफरचंद धरूनही जेवण पंधरा टक्क्यांनी कमी झालं. रसाने ते साधलं नाही.

सगळ्यात भक्कम पुरावा मात्र २०१५ साली 'प्लॉस मेडिसिन' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासाचा. हार्वर्डच्या संशोधकांनी १,३३,४६८ अमेरिकन स्त्री-पुरुषांचा आहार आणि वजन २४ वर्षांपर्यंत, दर चार वर्षांच्या टप्प्याने तपासलं. ज्यांनी रोजच्या खाण्यात फळ वाढवलं त्यांचं वजन वाढलं नाही, उलट रोज वाढवलेल्या दर एका वेळच्या फळामागे चार वर्षांत सरासरी पाव किलोच्या आसपास कमी भरलं. बटाटा, मका, वाटाणा वाढवणाऱ्यांचं मात्र वाढलं. आकडा छोटा आहे आणि माणसं अमेरिकेतली आहेत. फळ खाणारे इतरही गोष्टी सांभाळत असतील, म्हणून फळानेच वजन उतरलं असं यातून म्हणता येत नाही. पण 'फळ खाल्लं की चरबी चढते' हे खरं असतं तर एवढ्या माणसांत, एवढ्या वर्षांत ते दिसायला हवं होतं. दिसलं त्याच्या उलट.

आता सीताफळ, कारण इथे मेसेजला थोडं द्यावं लागतं. गराच्या १०० ग्रॅमला शंभरच्या आसपास कॅलरी, केळ्याच्याही वर. पण २०० ग्रॅमच्या फळात साल आणि बिया काढल्यावर निम्म्याहून कमी गर हाती येतो, म्हणजे एक फळ ऐंशी-नव्वद कॅलरी. एक खाल्लं तर काहीच बिघडत नाही. बिघडतं ते टोपलं पुढे घेऊन बसल्यावर, कारण पाच-सहा सहज संपतात आणि ते जेवणाएवढं होतं. चिकूची फळं दोन, द्राक्षांची एक ओंजळ, एवढ्यावर थांबा. चिकूचा शेक नको, त्यात चिकूपेक्षा साखर आणि दूधच जास्त. खजूर आणि मनुका मात्र खरंच मोजून. पाणी उडून गेल्यामुळे त्यांच्या १०० ग्रॅममध्ये पावणेतीनशे-तीनशे कॅलरी भरतात. दोन खजूर ठीक, मूठ भरून नको.

दिवस मावळल्यावर फळ विष होतं, यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही. पोटाला घड्याळ कळत नाही, दिवसभराची बेरीज कळते.

जास्त काळजी वेगळ्याच गोष्टीची आहे. हा मेसेज वाचून फळ सोडणाऱ्या बहुतेक बायका. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. भाकर, डाळ आणि भाजीतलं लोह शरीरात मुरायला क जीवनसत्त्व लागतं, ते पेरू, संत्रं, आवळा यांतून मिळतं. एकदा 'फळ म्हणजे साखर' डोक्यात बसलं की पेरूही सुटतो आणि वर जेवल्याबरोबर चहा होतो, जो ते लोह अडवतो. दिवसभर कापूस वेचणाऱ्या बाईचं वजन असं उतरत नाही, फक्त धाप वाढते.

मग खायचं कसं? दिवसाला एक केळं किंवा त्याच वजनाचं दुसरं फळ, आणि ते कशाच्या तरी बदल्यात. चूक होते ती इथेच. भरपेट जेवून वर केळं, चहा-बिस्किटही तसंच, असं केलं तर महिन्याला तीन हजार कॅलरी वाढतात आणि मग दोष केळ्याला जातो. चार वाजताच्या बिस्किटांच्या जागी केळं आणि मूठभर फुटाणे. वेचणीला जाताना शिदोरीत दोन भाकरींऐवजी दीड भाकर आणि एक केळं. जेवायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी पेरू नाहीतर संत्रं, म्हणजे दुसरी पोळी आपोआप राहते. फळावर साखर, मध, कंडेन्स्ड मिल्क घालून फ्रूट सॅलड करू नका, ते फळ राहत नाही. चहात दोन चमचे साखर पडत असेल आणि दिवसाला चार कप होत असतील तर एकशेसाठ कॅलरी तिथेच गेल्या. एक चमचा आणि दोन कपांवर आलात तर चाळीस उरतात, आणि वाचलेल्या एकशेवीसमध्ये केळं सहज बसतं.

शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्यांनी मेसेज वाचून खाणं अचानक तोडू नये. गोळी तीच आणि खाणं कमी झालं की शुगर एकदम खाली येते, हात थरथरतात, घाम सुटतो, चक्कर येते. फळ चालतं की नाही ते घरच्या मशीनवर बघता येतं: अर्धं केळं खाण्याआधी एकदा आणि दोन तासांनी एकदा मोजा, दोन्ही आकडे वहीत लिहा आणि पुढच्या खेपेला डॉक्टरांना दाखवा. ज्यांना किडनीचा आजार आहे आणि पोटॅशियम कमी ठेवायला सांगितलंय, त्यांच्यासाठी केळं खरोखरच वर्ज्य असू शकतं, त्यांनी आपल्या डॉक्टरांचंच ऐकावं.