जगात भारी शहर घडवायचंय? मग हे वाच

तर भावा, कोल्हापूरचा विकास करायचा तुझा विचार पक्का झाला असेल तर आधी अभिनंदन, आणि लगेच पहिली सूचना, शहराकडं बघत बसू नकोस. शहर बघितलं की माणूस खचतो. आराखड्याकडं बघ. आराखड्यातल्या महाद्वार रोडवर रिक्षा उलटी घुसत नाही, पावसाचं पाणी तुंबत नाही, झाडं सगळी एका उंचीची, आणि तिथं फिरणारी माणसं कधी नीट बघितलीस का? एकबी कोल्हापूरचा नसतो. सगळे सडपातळ, हातात कॉफीचा कप, बाजूला फुगा घेतलेलं एक पोरगं, कुणाच्या खांद्याला भाजीची पिशवी नाही, कुणी मधेच गाडी लावून "दोन मिनिटात आलोच की" म्हणत नाही. हीच तुझी जनता. हिच्यासाठी काम कर, ही कधी तक्रार करत नाही.

दुसरं म्हणजे आकडा पाठ कर. अंबाबाई मंदिर परिसराचा आराखडा मे 2025 मध्ये चौंडीच्या मंत्रिमंडळ बैठकीत मंजूर झाला, 1,445 कोटींचा. हा आकडा कट्ट्यावर नुसता उच्चारला तरी समोरचा गप होतो, कारण कोटीच्या पुढं आपला हिशोब चालत नाही, आपण गुळाच्या आणि दुधाच्या दरात विचार करणारी माणसं. कुणी विचारलंच की ह्यात आमच्या दुकानाचं काय, आजोबापासून भाड्यानं आहे, कागद म्हणजे एक जुनी पावती, तर त्याला म्हणायचं काका विकास मोठा आहे, थोडं सोसायला पाहिजे. सोसायचं कुणी हे मात्र सांगायचं नाही. सोसणारा नेहमी महाद्वार रोड नाहीतर भवानी मंडपाच्या आसपास राहतो आणि सोसा म्हणणारा ताराबाई पार्कात नाहीतर नागाळा पार्कात, म्हणजे बंगलेवाल्यांच्या वस्तीत, हा निव्वळ योगायोग समज.

मंदिराचं निघालंच आहे तर किरणोत्सवाचं सांगतो, कारण ह्यात आपली अख्खी नगररचना आली. नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या शेवटी मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, देवीचे चरण, कंबर, मग मुखापर्यंत, शेकडो वर्षांपूर्वी कुणीतरी कुठल्याही कन्सल्टंटशिवाय हे मोजून बांधलं. आता ती किरणं येतात ती परवानगी मागत मागत, वाटेत कुणाची गच्ची, कुणाची पाण्याची टाकी, कुणाचा पत्रा. दरवर्षी आपण बातमी वाचतो की यंदा किरणं गुडघ्यापर्यंत पोचली, यंदा कमरेपर्यंत, आणि मग अडथळ्यांची यादी, आणि मग पुढचा किरणोत्सव. सूर्याला जिथं महाद्वार रोडनं वेळेत पोचता येत नाही तिथं केएमटीची बस उशिरा आली म्हणून बोंब मारणं बरोबर नाही.

आणि मणकर्णिका कुंड. मंदिराच्या आवारातलं एवढं जुनं कुंड आपण बुजवलं, त्या जागेवर संडास बांधला, मग काही वर्षांनी आपल्याच लक्षात आलं की अरे इथं कुंड होतं की, मग संडास पाडला आणि कुंड खणून काढलं. बुजवणं पण विकास, उकरणं पण विकास. मधल्या काळात बिलं निघाली, बस.

भाषण करायची वेळ येणारच, तेव्हा सुरुवात राजर्षी शाहू महाराजांपासून करायची आणि शेवटही तिथंच, मधे जे काय बोलशील ते लोक ऐकत नाहीत. माणसानं केलंय पण किती ते बघ. 1895 ला शाहूपुरीची गुळाची पेठ, 1906 ला कापडाची मिल, राधानगरीचं धरण, 1912 ला खासबागचं कुस्ती मैदान, त्याच्या शेजारी 1915 ला पॅलेस थिएटर, म्हणजे आपलं केशवराव भोसले नाट्यगृह. हे सगळं थ्रीडी प्रेझेंटेशन न करता. आपलं काम त्यामानानं सोपं आहे, त्यांनी जे बांधलं त्याचा अभिमान बाळगायचा. बाळगायचा म्हणजे फक्त बाळगायचा, सांभाळायचं नाही, ह्या दोन्हीत गफलत करू नकोस. छप्पर गळतं का बघणं, वायरिंग बदलणं, गटार उपसणं ह्याला नारळ फुटत नाही, फीत कापता येत नाही, पाटीवर नाव येत नाही. असलं काम करून आजवर कोण मोठा झालाय?

शाहू मिल 2003 ला बंद पडली. तेव्हापासून तिथं महाराजांचं स्मारक होणार आहे. होणारच आहे. 2022 ला महाराजांच्या स्मृतिशताब्दीला तिथंच कार्यक्रम झाले, लोक गेले, चिमणीखाली फोटो काढले, आपल्या आजोबांनी ज्या खात्यात शिफ्ट केल्या त्या शेडच्या भिंतीला हात लावून आले, मी पण गेलो होतो, खरं सांगतो पोटात कालवलं. पण हे पोटात कालवणं फार दिवस टिकू द्यायचं नाही. टिकलं तर माणूस विचारायला लागतो की बाबा ह्या मिलमध्ये माणसं कामाला होती, स्मारकात किती असतील, आणि असल्या प्रश्नानं मंडपातलं वातावरण बिघडतं.

नाट्यगृहाचं तर तुला माहीतच आहे. 8 ऑगस्ट 2024 ची रात्र, दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती, आणि डोळ्यांसमोर सगळं जळालं. त्या रात्री अख्खं शहर रस्त्यावर होतं आणि रडत होतं, आणि त्यात नाटक कंपनी होती तशी कधी नाटकाला न गेलेली माणसं पण होती, ह्यात टिंगल करण्यासारखं काही नाही. टिंगल पुढची आहे. तुला विकासपुरुष व्हायचं असेल तर अशा वेळी चोवीस तासांच्या आत "जसंच्या तसं उभारू" म्हणता आलं पाहिजे. तारीख सांगायची, मग ती पुढं न्यायची, मग पुढच्या तारखेचं पण अभिनंदनाचं डिजिटल फलक लावायचं. आणि "जळायच्या आधी शेवटची तपासणी कधी झालेली" असं विचारणारा कुणी निघाला तर त्याला कोल्हापूरद्रोही ठरवायचं, हे हुकमी आहे.

आता आंदोलन. ह्यात आपला हात कुणी धरू शकत नाही, आणि इथं मी जरा सरळ बोलणार. शहरातले सुमारे 50 किलोमीटरचे रस्ते एका कंपनीकडून करून घेतले, 2013 ला टोल बसवला, आणि हे शहर उठलं. एन. डी. पाटील सरांसारखा ऐंशी पार केलेला माणूस पुढं, मागं गृहिणी, रिक्षावाले, तालमीची पोरं, "देणार नाय, देणार नाय, टोल आम्ही देणार नाय". 2015 संपता संपता सरकारला टोल रद्द करावा लागला. झालं ते बरोबरच झालं, घरातनं दूध आणायला निघालं की टोल हे कुठल्या गावात चालतं. पण उपरोधिक लेख आहे म्हणून पुढचं सांगतो. टोल गेला आणि रस्ते आपले झाले, आणि आपले झाले म्हटल्यावर कुणाचेच राहिले नाहीत. नको म्हणायला आपण लाखानं जमलो. ह्या रस्त्याला दर पावसाळ्याआधी डांबर पाहिजे, असं म्हणायला सर्वपक्षीय कृती समिती निघालेली मी तरी बघितली नाही. आता नवीन 100 कोटींचे रस्ते झाले, होतायत, ड्रेनेजवाले उकरतायत, परत होतायत. तू फक्त श्रेय कुणाचं ह्यावर भांडत रहा, त्यात दोन-तीन वर्षं सहज निघतात.

पाण्याचं थोडक्यात. थेट पाइपलाइनची मागणी कित्येक वर्षांची, काळम्मावाडी धरणाचं पाणी 2023 च्या दिवाळीत आलं, अभ्यंगस्नानं झाली, फटाके वाजले. आता तिकडं पंपाला काही झालं की इकडं आपण घागर घेऊन टँकरमागं. दोनदा पुरात बुडालेलं शहर टँकरची वाट बघतंय हे बाहेरच्याला सांगून पटत नाही, सांगू पण नकोस.

पूर म्हणजे मात्र धंद्याची संधी. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी इथं शेंबडं पोरगं पण क्रिकेटच्या स्कोअरसारखी सांगतं, 39 फुटाला इशारा, 43 ला धोका. 2019 ला ती पंचावन्नच्या वर गेली, 2021 ला परत तेच. तर अशा जागी ओढ्यात भराव टाकायचा, वर सात मजले चढवायचे आणि जाहिरातीत लिहायचं रिव्हर व्ह्यू. खोटं काहीच नाही, दोन्ही वेळा व्ह्यू स्वतः पार्किंगमधनं वर आला. पूररेषेचं फार मनावर घ्यायचं नाही, नकाशावरची रेषा आहे, कागद ओला झाला की दिसत नाही.

हद्दवाढीवर मत विचारलं तर "झाली पाहिजे, पण सगळ्यांना विश्वासात घेऊन" एवढंच म्हणायचं. 1972 ला महापालिका झाली तेव्हापासून आपली हद्द 66.82 चौरस किलोमीटर ती आजतागायत तेवढीच, शहर पाचगाव, कळंबा, उचगावपर्यंत कधीच पसरलं पण कागदावर हलायला तयार नाही. गावं म्हणतात तुमच्यात येऊन आम्हाला काय मिळणार, तुमचीच गटारं बघा, आणि ह्याला उत्तर देता येत नाही हीच पंचाईत. म्हणून मग 2017 ला 42 गावांचं प्राधिकरण काढलं. त्यानं काय झालं? प्राधिकरण झालं.

आणि एक चूक अजिबात करू नकोस, शहराची ओळख म्हणून फौंड्री दाखवू नकोस. चप्पल दाखव, फेटा दाखव, गूळ, तांबडा-पांढरा, कुस्ती, हे फोटोत चांगलं दिसतं. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत रात्रपाळीला भट्टीसमोर उभा राहून जो कास्टिंग ओततो, ज्याच्या जिवावर उद्यमनगरातली लेथ फिरते आणि ज्याच्या पगारावर राजारामपुरीतली दुकानं चालतात, तो फोटोत काळा येतो. शहराच्या पोटापाण्याचा मोठा भाग हद्दीच्या बाहेर भाजून निघतोय आणि आपण हद्दीच्या आत सेल्फी पॉइंट बांधतोय. विजेचे दर वाढले तेव्हा कारखानदार "कर्नाटकात जातो" म्हणाले, आपण म्हटलं जा की, अंबाबाई आहे आमच्यापाशी. चपलेचं पण तसंच, 2025 ला मिलानच्या रॅम्पवर आपली चप्पल दुसऱ्याच्या नावानं चालली तेव्हा अख्खं शहर पेटून उठलं, स्टेटस ठेवले. त्या आठवड्यात चप्पल लाइनीत जाऊन भाव न करता जोड घेणारा एक जण मला दाखव.

पुण्याचे पाहुणे आले तर रूट ठरलेला ठेव. विमानतळावर उतरव, नवीन टर्मिनल दगडी आहे, छान आहे. तिथनं न्यू पॅलेस, मग अंधार पडल्यावर रंकाळा. अंधार पडल्यावर म्हणालो, लक्षात ठेव, लायटिंग आणि कारंजं चालू असतं, पाण्याचा रंग दिसत नाही, आणि वासाचं विचारलं तर भेळेकडं ओढून न्यायचं. परीख पुलाखालनं पावसाळ्यात न्यायचं नाही. कोकणात जाणारी वैभववाडीची रेल्वे कुठवर आली असं कुणी विचारलं तर पांढरा रस्सा अजून एक वाटी वाढायचा.

राहता राहिलं हरकती आणि सूचना. आराखड्यावर हरकत घ्यायला मुदत देतात, ती संपायच्या दिवशी संध्याकाळी जायचं, म्हणजे गर्दीत आपला अर्ज कुणी वाचत नाही आणि आपण लढलो असं पण होतं. भाषा कडक ठेव, "हा कोल्हापूरच्या अस्मितेचा प्रश्न आहे" हे वाक्य दोनदा आलं पाहिजे. फक्त खाली मोबाईल नंबर लिहू नकोस. चुकून एखाद्या कामसू साहेबानं फोन केला आणि विचारलं की बोला, तुम्हाला नक्की काय पाहिजे, तर ऐनवेळी काय सांगणार आहेस?