गोळीला पत्ता कोण सांगतो?

परवा रात्री पक्या लंगडतच कट्ट्यावर आला, बॉक्स क्रिकेटमध्ये घोटा मुरगळलेला, टम्म सुजलेला, आणि बसल्या बसल्या म्हणतो, अरे गोळी जाते पोटात, मग तिला घोट्याचा पत्ता कोण सांगतो? सगळे हसले, पण उत्तर एकालाही येईना.

मेडिकलवाला बंड्या नुकताच शटर ओढून आलेला. म्हणे पत्ताबित्ता काही नसतो, गोळी रक्तातून अख्ख्या अंगभर फिरते. मार लागला की तिथं प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन तयार होतं, त्यानं नसा चिडक्या होतात, साधा मोजा घासला तरी बोंब. डायक्लो, आयब्युप्रोफेन असल्या दुखण्याच्या गोळ्या ते बनवणारं एन्झाइमच दाबतात. "आणि तेच प्रोस्टाग्लँडिन जठराचं अस्तर पण सांभाळतं, म्हणून पोटाची वाट लागते. पत्ता माहीत असता तर पोटाच्या वाटेला गेली असती का?" हे मला लय पटलं.

"मग मॉर्फिन म्हणजे हिचाच मोठा भाऊ," विन्या.

"घंटा! खानदानच वेगळं, ते अफूतलं," बंड्या. घोट्याची नस पाठीच्या कण्यात मज्जारज्जूपर्यंत येते आणि तिथं पुढच्या नसेला निरोप देते. मॉर्फिन मुख्य काम तिथं करतं, नसेवरच्या म्यू रिसेप्टरवर, म्हणजे त्याच्या ठरलेल्या जागेवर बसून. निरोप देणारीत कॅल्शियम शिरू देत नाही म्हणून रसायन सुटत नाही, आणि घेणारीतून पोटॅशियम बाहेर पडतं म्हणून ती ढिम्म. शिवाय मेंदूकडून पण खाली ऑर्डर येते, गप बस. सूज मात्र आहे तिथंच. हे रिसेप्टर 1973 ला दाखवले आणि 1975 ला कळलं की मॉर्फिनसारखंच काम करणारं एन्केफॅलिन आपलं शरीर स्वतःच बनवतं, म्हणजे अफूचं बोंड काय आपल्यासाठी उगवत नव्हतं.

विन्या म्हणाला ते सोड, अमेरिकेत किती मेले असल्या औषधांनी. बंड्या म्हणाला खरंय, श्वासाची लय ठेवणाऱ्या पेशींवर पण तेच रिसेप्टर असतात, डोस जास्त झाला की श्वासच थांबतो, मग नॅलोक्झोन नावाचं औषध देऊन मॉर्फिनला तिथून उठवावं लागतं. आतड्यात पण तेच, म्हणून बद्धकोष्ठ, म्हणून सोबत पोट साफ व्हायचं औषध. पण कॅन्सरवाल्याला डॉक्टर मोजून देतात, त्याची अंगाला सवय होणं वेगळं नि व्यसन वेगळं. 1985 च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यानं मॉर्फिन मिळणंच मुश्किल केलेलं, 2014 ला दुरुस्ती झाली तेव्हा जरा वाट मोकळी झाली.

इतका वेळ गप्प असलेला सुन्या म्हणाला, आमच्या काकांना मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या होत्या. आत्या म्हणाली व्यसन लागेल, कपाटात ठेवल्या. शेवटचे पंधरा दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होते. पाकीट अजून तिथंच आहे, दहाच्या दहा.

कुणी बोलेना. मग विन्याच, "तरी मी पण नसत्या दिल्या."

बंड्या असा चिडला की चहा सांडला. पक्या म्हणाला, भांडा निवांत, पण आधी टपरीवरनं कुणीतरी बर्फ आणा रे.